वीस मिनिटांचं वर्तुळ

मारियनफेल्ड, कॅन्सस
१६ फेब्रुवारी २०२४

कोलेट,

'प्रिय' लिहिलं असतं तर तू पत्र तिथेच ठेवून दिलं असतंस, म्हणून नुसतं नाव लिहिते आहे. नाव मीच ठेवलेलं आहे, तेवढा हक्क अजून असावा.

काल मेविस टॉलंडचा फोन आला. माझ्या सुट्टीत बदलीवर यायची ती, उंच, मोठ्याने हसणारी. आता ती विचिटाला भूल देणाऱ्या नर्सेसना शिकवते आणि तुझी मुलाखत घेणाऱ्या तिघांत होती. आतलं बाहेर सांगायचं नसतं हे तिला चांगलं ठाऊक आहे. तरी सांगितलं, कारण मला आनंद होईल असं तिला वाटलं. तुला जागा मिळाली, एक एप्रिलपर्यंत होकार कळवायचा आहे. आनंद झालाच. तो साधारण अर्धा मिनिट टिकला. मग ती म्हणाली, हेच काम का करायचंय असं विचारल्यावर तू काय उत्तर दिलंस ते ऐक. आणि मी ऐकलं: "माझी आई हेच करायची. मला हे काम करायचंय, पण तिच्यासारखं न होता."

मेविसला ते फार हुशारीचं उत्तर वाटलं. हसत होती.

पाच वर्षं होत आली, तू माझ्याशी बोललेली नाहीस. नाताळला ज्यूनीचा एक फोटो येतो, मागे तारीख, बस. मी तक्रार केलेली नाही. पण तीन परक्या माणसांसमोर माझा असा दाखला द्यायचा असेल, तर निदान काय न होण्याचं ठरवलं आहेस ते तरी नीट समजून घे.

मी मठातल्या सिस्टरांच्या शाळेत वाढले आणि सिस्टरांच्याच इस्पितळात शिकले. तीन वर्षं नर्सिंग, एक वर्ष आयसीयू, मग दोन वर्षं भूल. आम्हाला शिकवायच्या त्या सिस्टर लिओकाडिया, साडेचार फूट उंच. त्या म्हणायच्या, यंत्र खोटं बोलेल, चेहरा बोलणार नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी प्रत्येकीच्या डाव्या कानाचा साचा घेतला आणि कानात घट्ट बसेल असा एक छोटा तुकडा करून दिला. त्याला बारीक नळी, नळीचं दुसरं टोक रुग्णाच्या छातीवर. शस्त्रक्रिया चालू असेतो प्रत्येक श्वास आणि ठोका आपल्या कानात. डॉक्टर फुटबॉलच्या गप्पा मारोत, आपला एक कान त्या माणसाचा. आता कोणी ते वापरत नाही, पडद्यावर रेघा दिसतात. माझा तुकडा अजून आहे.

मग मारियनफेल्ड. अडतीस वर्षं. पंचवीस खाटांचं इस्पितळ, दोन डॉक्टर, आणि साऱ्या कौंटीत भूल देणारी मी एकटी. अट एकच होती. कॉलवर असताना वीस मिनिटांत इस्पितळात पोचलं पाहिजे, आणि मी महिन्यातले सव्वीस दिवस कॉलवर असायचे. तुझ्या पप्पांनी काय केलं ते तुला आठवत असेल. ट्रक काढला, इस्पितळाच्या दारातून एकेका रस्त्याने वीस-वीस मिनिटं गेले, जिथे घड्याळ संपलं तिथे नकाशावर खूण केली. सगळ्या खुणा लाल पेन्सिलीने जोडल्या. आम्ही त्याला वर्तुळ म्हणायचो, पण दिसायचा तो बटाटा. नकाशा स्वयंपाकघरात लावून एमिल म्हणाला होता, "हे बघ लिओना, आपलं राज्य."

त्या राज्यात चर्च होतं, तुझी शाळा होती, नाचाचा हॉल होता. तलाव नव्हता. तू पोहायचीस त्या शर्यती सगळ्या बाहेर. मी एकही पाहिली नाही, हे मला ठाऊक आहे. पुन्हा सांगायची गरज नाही.

मेविसने पाठवलेलं तुमच्या अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक वाचलं. पहिल्याच पानावर एक बाई डोंगराच्या टोकावर हात पसरून उभी, आणि खाली लिहिलंय की या पेशात काम आणि घर यांचा सुंदर तोल साधता येतो. ती बाई कॉलवर नसावी.

पप्पा गेले त्या दिवसाबद्दल मी पुन्हा वाद घालणार नाही. हासेंच्या टोबीचं अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं आणि भूल द्यायला मी एकटी होते. दफनाच्या दिवशी तुला हेच सांगितलं, आता लिहूनही दिलं.

आई


३ मार्च

कोलेट,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी, त्यातल्या दोन मेविसवर रागावलेल्या. त्या बाबतीत आपलं एकमत आहे, नोंद करून ठेव.

उरलेल्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. जागा घ्यावी की सोडावी हे तुला ठरवता येत नाही. आणि ज्यूनीला कोण सांभाळणार ते ठाऊक नाही, पण मी तुला सल्ला विचारत नाही आहे. विचारायचं नव्हतं तर कार्डाला तिकीट कशाला लावलंस?

तर ऐक. नको घेऊस.

तू चौदा वर्षं नर्स आहेस, त्यातली नऊ आयसीयूत. तुला येत नाही असं काही मला म्हणायचं नाही. पण आता हे तीन वर्षांचं झालंय, शेवटी नावापुढे डॉक्टरेट लागते, आणि त्या तीन वर्षांत नोकरी करू देत नाहीत. पहिलं वर्ष पुस्तकात जातं. मग इस्पितळांच्या फेऱ्या. पहाटे साडेपाचला हजर राहून यंत्र तपासायचं, औषधं भरायची, सुयांना चिठ्ठ्या लावायच्या, दिवसभर उभं राहायचं, घरी येऊन दुसऱ्या दिवशीच्या रुग्णांचा अभ्यास करायचा. मधेच महिना-दोन महिने कुठल्या तरी दूरच्या गावी पाठवतात, माझ्यासारख्या एकट्या बाईच्या हाताखाली. शेवटी ती मोठी परीक्षा. ज्यूनी सात वर्षांची आहे. तिचे वडील टल्साला गेले ते गेलेच. तू साडेचारला उठून निघालीस की त्या पोरीची वेणी कोण घालणार? शाळा सुटल्यावर तिला घेऊन कोण येणार? शेजारीण एक दिवस येईल, दोन दिवस येईल.

माहितीपत्रकात पोरीच्या वेणीचं काही नाही. मी शोधलं.

आणि समजा घ्यायचाच झाला, तर नेब्रास्कातही असा अभ्यासक्रम आहे, तिथे बघ. मेविसच्या हाताखाली जाऊ नकोस. बाई वाईट नाही, पण बोलते फार, जुन्या गोष्टी उकरत बसते. इतक्या वर्षांनी माणसाला सगळं नीट आठवतंच असं नाही. ती काही म्हणाली तर लगेच खरं धरू नकोस.

ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस चालू आहेत. शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये तळलेले मासे असतात. मी कोबी चिरायला जाते. माझा हात अजून कापत नाही.

आई


१२ मार्च

कोलेट,

एकच ओळ पाठवलीस: मेविसबद्दल तू असं का लिहिलंस?

काही नाही. ती वीस वर्षांनी लहान आहे माझ्याहून, आणि मला एकेरीत हाक मारते. एवढं कारण पुरे.

दुसरं काहीतरी सांगते. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही. या गावात मी नऊ हजारांवर माणसं झोपवली. कोणाचे दात खोटे आहेत ते मला ठाऊक आहे. लग्नात ज्यांचे हसरे फोटो काढतात त्यांचे दात मी एका वाटीत घालून ठेवलेले आहेत. डोळे मिटता मिटता माणसं काय काय बोलतात. एक जण बायकोऐवजी दुसरंच नाव घ्यायचा, तिन्ही वेळा. एक म्हातारा शेतकरी, ज्याने आयुष्यात कोणाला आभाराचा शब्द दिला नाही, माझा हात धरून म्हणाला, जाऊ नको हं. मी म्हणाले, कुठे जातेय, मी तुझ्या उशाशीच आहे. हे मी प्रत्येकाला म्हणायचे. हनुवटीखाली दोन बोटं, कानात त्याचा श्वास, आणि मी इथेच आहे. यातलं एकही नाव, एकही गोष्ट मी बाहेर बोलले नाही. घरीसुद्धा नाही, एमिललाही नाही. सिस्टर लिओकाडियांनी आमच्याकडून तशी शपथ घेतली होती.

मला ते काम आवडायचं. हे आवडणं काय होतं ते तुला सांगावंसं वाटतंय. तुझा नववा वाढदिवस आठव. अकरा मुली, सगळ्या किंचाळतायत, केक कापायला एमिल सुरी शोधतोय, आणि पेजर वाजला. तू माझ्याकडे पाहिलंस. मी चेहरा वाईट केला, ओठ मुडपले, गाडीची किल्ली घेतली. गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणते आहे.

इस्पितळात मला काय करायचं ते ठाऊक असायचं. घरी ते कधीच तसं ठाऊक नव्हतं. तू रडलीस तर किती वेळ रडू द्यायचं, याचा तक्ता कुठे मिळतो? एमिलला यायचं ते. मी दारात उभी राहून बघायचे आणि पेजर पट्ट्याला आहे ना, चाचपायचे.

हे लिहायचं नव्हतं. पानं फाडायची मला सवय नाही, म्हणून पाठवते.

आई


२६ मार्च

कोलेट,

टोबी हासेचं अपेंडिक्स शनिवारी काढलं.

तुला आधीच कळलं असेल. त्याच्या आईने, व्हर्नाने, चर्चच्या प्रार्थनेच्या यादीत त्याचं नाव घातलंय, आणि ती यादी तुझ्या शाळेतल्या साऱ्या मैत्रिणींच्या फोनवर जाते. रविवारी मिस्सा संपल्यावर व्हर्ना माझ्यापाशी येऊन रडत होती. भूल द्यायला तू असतीस तर मला काळजी नसती वाटली, म्हणाली. मी तिचा हात थोपटला. अपेंडिक्स माणसाला एकच असतं. पाच वर्षांपूर्वी काढलेलं परत उगवत नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

नऊ हजार माणसांपैकी एकाचंही नाव मी बाहेर काढलं नाही. जे एक काढलं, ते खोटं होतं.

आता नीट सांगते. समोर उभी राहून सांगितलं असतं, पण तू दार उघडणार नाहीस, आणि एक एप्रिल सोमवारी आहे.

त्या दिवशी मेविस आली होती. एमिलला विचिटाला तुझ्याजवळ नेऊन नऊ दिवस झाले होते आणि आता फार वेळ नाही असं तिथल्या नर्सने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी बदली मागवली. दुपारी बारा वाजता मेविस हजर झाली. बारा वाजल्यापासून मी कॉलवर नव्हते, कोलेट. तीन तासांची वाट होती. माझी पिशवी गाडीत होती, तुला आवडतात म्हणून कोबी-खिम्याचे बिअरॉकही भाजून घेतले होते.

एक वाजता तुझा फोन आला. तू म्हणालीस, "आई, पप्पांना तुझा आवाज ऐकायचाय. मी फोन उशीवर ठेवते, तू बोल." आणि तू तो उशीवर ठेवलास. मी बोलणार होते. पण मला आधी त्याचा श्वास ऐकू आला.

तू आयसीयूत काम करतेस, तुला सांगायला नको. श्वास वाढत जातात, उतरत जातात, थांबतात. मी घड्याळाकडे पाहिलं, न ठरवता. बावीस सेकंद. पुढच्या खेपेला सव्वीस. चाळीस वर्षं मी कोणाचाही श्वास असा थांबलेला ऐकला की माझे हात आपोआप पुढे जायचे. हनुवटी उचल, नळी घाल, फुगा दाब. मी तिथे उभी होते आणि माझे हात हवेत पुढे आले होते. तेव्हा मला कळलं की तिथे गेले तर त्याच्या उशाशी मला नुसतं बसायचं आहे. काही करायचं नाही. हात मांडीवर ठेवायचे आणि ऐकायचं.

मी म्हणाले, "मला बोलावणं आलंय. ठेवते."

शेवटचं तेवढंच ऐकलं त्याने माझं. अनोळखी माणसालासुद्धा मी म्हणायचे, मी इथेच आहे.

मग मी शस्त्रक्रियेच्या खोलीत गेले. खोली रिकामी होती. मी यंत्र तपासलं. पुन्हा तपासलं. औषधं भरली, चिठ्ठ्या लावल्या, एका ओळीत मांडली. मेविस दारात आली. "लिओना, तू अजून इथे काय करतेस? मी आलेय ना." मी म्हणाले, निघालेच. भरलेली औषधं तिच्यासमोर ओतून टाकली, कारण रुग्ण नसताना भरलेलं औषध तसं ठेवता येत नाही. मग मी गाडीत जाऊन बसले. साडेतीन तास बसले. माझ्या झग्याच्या खिशात तो कानाचा तुकडा होता, तो काढून हातात धरून बसले होते.

पाच वाजून पन्नास मिनिटांनी मी गाडी सुरू केली. पूर्वेच्या रस्त्याला, धान्याच्या उंच कोठारापाशी, एमिलची लाल खूण आहे. तिथे पोचले आणि फोन वाजला. सहा दहा. तू म्हणालीस, गेले.

वर्तुळाच्या बाहेर मी गेलेच नव्हते.

दफनाच्या दिवशी तू सगळ्यांना बाजूला सारून विचारलंस की कोण होतं ते, कोणासाठी नाही आलीस. समोर व्हर्ना हासे सॅलडची थाळी घेऊन उभी होती. तिच्या पोराचं नाव तोंडात आलं. तुला वाटलं मी कामाला नवऱ्यापेक्षा मोठं मानते. मी ते तसंच राहू दिलं, कारण ते खऱ्यापेक्षा बरं दिसत होतं. खरं हे की त्या दिवशी काम नव्हतंच. मी कामाच्या मागे लपले होते, आणि तेही पहिल्यांदा नाही.

मेविसकडे जाऊ नको म्हणाले ते एवढ्यासाठी. पाच वर्षांपूर्वीची ती दुपार कधीतरी तिच्या तोंडून निघाली असती. माझी अब्रू वाचावी म्हणून मी तुझी जागा घालवायला निघाले होते. हे लिहिताना मला माझाच राग येतो आहे, आणि राग मला चांगला करता येतो.

तेव्हा माझा सल्ला परत घेते. जागा घे. मेविस टॉलंडपेक्षा चांगली शिकवणारी तुला मिळणार नाही. त्या ओतलेल्या औषधांबद्दल ती मला एक शब्द बोलली नाही, आणि पाच वर्षांत कोणाजवळ बोलली नाही, यावरून ओळख. वर्तुळ वाईट नसतं. त्याच्या आड किती जण काय लपवतात ते बघत जा, स्वतःकडे आधी.

ज्यूनीची वेणी मला घालता येते. तुझी घातलेली आहे, पेजर न वाजलेल्या दिवसांत. तू हो म्हणावंस असं नाही. फक्त हे बाकीच्या गोष्टींबरोबर मोजावंस.

कानाचा तुकडा पाकिटात आहे. माझ्या कानाचा आहे, तुला बसणार नाही. पण ठेव.

लिओना ब्रुंगार्ट
(तुला 'आई' वाचायचं असेल तर वाच)


७ मे

कोलेट,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लवकर द्यायचं होतं, पण आधी जाऊन बघायचं होतं, म्हणून थांबले.

तू लिहिलंस की तू जागा घेतली आहेस. तू लिहिलंस की तू मला माफ केलेलं नाही, करशील की नाही ते माहीत नाही, आणि तो विषय मी काढायचा नाही. काढत नाही. तू लिहिलंस, ऑगस्टपासून मंगळवार आणि गुरुवार. शाळा तीन दहाला सुटते. उशीर झाला तर एकदाच सांगेन, दुसऱ्यांदा शेजारणीला सांगेन. बरोबर आहे. मीही असंच लिहिलं असतं.

घराला कुलूप लावून मी मागच्या सोमवारी विचिटाला जाऊन आले. व्हर्नाच्या नात्यातल्या एका बाईची मागची खोली बघितली. एक शेगडी, एक खिडकी, वर चढायला जिना नाही. जूनपासून घेतली आहे. तुझ्या घरापासून दूर आहे, घाबरू नकोस. शाळेच्या जवळ आहे.

नकाशा भिंतीवरून काढला. त्याच्या मागे रंग अजून पिवळा आहे.

त्या खोलीपासून शाळेच्या दारापर्यंत मी चालून बघितलं. भरभर गेले तर सात मिनिटं लागतात. मग परत येऊन पुन्हा गेले, जानेवारीत बर्फ असताना आणि गुडघा दुखत असताना जाईन तशी. अकरा लागली.

मी अकरा धरली आहेत. पावणेतीनला निघेन.

आई